पिवळा दिवा

मोरिवलीच्या रस्त्यावरचा तो मेकॅनिक माणसांपेक्षा गाड्यांशी जास्त बोलतो. स्कॅनर जोडला की इंजिनाला विचारतो, "बोल बाबा, कुठं दुखतंय?" गिऱ्हाइकाला मात्र नुसतं "थांबा."

माझ्या सुनेनं शाळेची मुलं न्यायला जुनी व्हॅन बघितली. त्यासाठी बांगड्या मोडल्या. तपासायला इथं आणली, तर विकणारा या मेकॅनिकचाच मेहुणा निघाला. व्हॅनमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला होता.

"दाजी, स्कॅनरनं बिघाडाचा कोड पुसून टाका ना. दिवा गेला की झालं," मेहुणा म्हणाला.

यानं स्कॅनर जोडून पुसला. दिवा गेला. सुनेनं पैशाची पिशवी उघडली.

"वहिनी, आधी बारवीच्या चढापर्यंत जाऊन या. आजी, तुम्ही पण बसा. वजन पाहिजे," मेकॅनिक म्हणाला.

चढावर गाडी धक्के खाऊ लागली आणि दिवा परत पेटला.

आम्ही येऊन व्हॅनची किल्ली परत दिली, तेव्हा मेहुणा दाजींवर ओरडत होता, "ताईला सांगतो!"

"सांग. फार तर माझा डबा बंद होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खरंच वडापाव खात बसला होता. मी त्याच्यापुढे भाकरी आणि बोंबलाचं कालवण ठेवलं.

"खा. बायकोचा राग उतरेपर्यंत आमचाच डबा."