पौषातला पापडखार

पौषात पापडखार घेणारा माणूस सरळ नसतो, हे आमच्या बीबी गावात शेंबडं पोरही सांगेल. पापड चैत्र-वैशाखात लाटतात. मग थंडीत खार कशाला? म्हणून वैजनाथ बॅटरीवाल्यानं बाजाराच्या दिवशी लोणारच्या खाराची तिसरी पुडी बांधून घेतली, तेव्हा दुकानावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या.

वैजनाथ तसा साधा माणूस. चिखलीला ट्रकच्या मिस्त्रीच्या हाताखाली दहा वर्षं काढलेला. डाव्या डोळ्यावर भुवई नाही. चार्ज होत असलेल्या बॅटरीच्या तोंडाशी त्यानं एकदा बिडी पेटवली, तेव्हा भुवई गेली आणि डोक्यात किडा शिरला: पाण्यात जाळ आहे! बीबीला येऊन त्यानं जानरावांच्या पिठाच्या गिरणीमागची खोली घेतली. गिरणीच्या इंजिनाला पट्टा लावून डायनामो फिरवायचा आणि गावातल्या रेडिओंच्या बॅटऱ्या भरून द्यायच्या, हा धंदा. तीन वर्षं कोणी बोट दाखवलं नाही.

मग खोलीचं दार दुपारी आतून बंद व्हायला लागलं.

जानरावांची बोलायची एक रीत आहे. आधी दोन्ही हात कानाला लावायचे, मग आवाज खाली आणायचा, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. "मी म्हणत नाही हो, लोकं म्हणून राह्यले. आत बुडबुड होते. नळ्या हायेत. बाटल्या उलट्या टांगल्या. पाणी काळंशार, मोहाच्या दारूच्या सडव्यावानी." लोकं म्हणजे कोण, तर दाराच्या फटीला डोळा लावणारे एकटे जानराव. त्यात त्यांची रेडिओची बॅटरी आदल्याच दिवशी भरून आणलेली, आणि ऐन बातम्यांत बसली होती; ती पुन्हा भरायला टाकावी लागली. "याचं ध्यान धंद्यात नाही. दारूबंदी हाय बापा! भट्टी निघाली तं माह्या गिरणीले सील लागन. तसं असन तं त्यानं आजच्या आज खोली खाली करावी."

भट्टी निघाली असती तर वैजनाथची खोली जाऊन वर तुरुंगही होता. पण त्याच्या घरातच त्याच्यावर भरवसा नव्हता. बायको कोकिळा रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगायची. "दुपारभर कोंडून घेते आन् बाहेर आला का हासते. पेला नसन तं हासते काऊन?"

शेवटी पोलीस पाटील हिंमतराव दोन पंच घेऊन खोलीवर आले. हिंमतराव घरात "अवं, च्या आन" म्हणतात. पण कागद हातात आला की त्यांच्या तोंडून 'सदरहू'शिवाय शब्द निघत नाही. "सदरहू द्रव कोणता आहे?"

"खाराचं पाणी, पाटील," वैजनाथ म्हणाला.

"खार तं भट्टीतही टाकतात," जानराव मागून.

"तो नवसागर."

"पाहा, याले ठाऊक हाय!"

हिंमतरावांनी पंचांकडे पाहिलं. "वासावरून कोण ओळखते?"

गर्दीतले सगळे पुरुष जमिनीकडे पाहू लागले. वास ओळखला म्हणजे तो आधी घेतला होता, असं होतं. शेषराव तर नाकाला उपरणं लावून उभे राहिले.

तेव्हा सुभद्राबाई पुढं आल्या. सगळ्या आळीच्या पापडाचं पीठ त्यांच्या जिभेवर ठरतं. खार किती, मीठ किती, एकदा बोट लावलं की झालं. त्यांनी त्या काळ्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि बाजूला थुंकल्या. "दारू नाही न् फारू नाही. लोणारचा खार हाय. आन् जास्त झाला. याचे पापड लाल पडतीन."

"मग काळं काऊन?" पाटील सदरहू विसरले.

"टॉर्चच्या मेलेल्या सेलातल्या कांड्या हायेत, त्या झिजतात," वैजनाथ म्हणाला. "त्याईले बॅटरीचा करंट देला का पाणी फाटते. एकीवर गॅस येते, तो पेटते. पाहा." त्यानं एक उलटी बाटली उचलून तिच्या तोंडाशी पेटती काडी नेली.

फट्!

एक पंच दाराबाहेर गेला तो परत आलाच नाही. हिंमतरावांनी टोपी शोधून डोक्यावर घातली आणि लिहायला घेतलं, 'सदरहू पाणी पेटते'. दुसरा पंच हात जोडून म्हणाला, "पाटील, यावर मी सही करत नाही. मेहकरचे फौजदार म्हणतीन, पंचच पेलेले व्हते."

बरोबर होतं. हिंमतरावांनी ओळ खोडून लिहिलं, 'पापडखाराचे पाणी आढळले'. खाली सुभद्राबाईंचा अंगठा घेतला. वैजनाथ सुटला.

"पण हे करतं कशासाठी?" पाटलांनी विचारलं.

वैजनाथ लाजला. "कोकिळेची चूल पेटवीन म्हणतो. फुकू फुकू डोये गेले तिचे."

दाराशी बायांत उभ्या असलेल्या कोकिळेनं पदर तोंडाला लावला.

"एका भाकरीले किती वेळ गॅस जमा करा लागते?" पाटलांनी पुढं विचारलं.

त्यानं छताकडे पाहून हिशेब केला. "आत्ताच्या घडीले... पंधरा दिवस."

"पंधरा दिवस कोनाची बॅटरी?" जानराव पुढं सरकले. कांड्यांच्या तारा भरायला आलेल्या बॅटऱ्यांच्या फळीवर गेल्या होत्या, आणि तारांच्या टोकाशी जी बॅटरी होती तिच्यावर खडूनं लिहिलं होतं: जानराव.

"हे लोकं नाही म्हणत!" जानराव ओरडले. "हे मी म्हणतो!"

खोली मात्र राहिली. पाटलांचा कागद झाला होता. फक्त त्या दिवसापासून गाव आपापल्या बॅटरीशेजारी बसून ती भरून घेऊ लागलं. जानराव तर घरून बाजच घेऊन आले. चार दिवस पहारा केला. पाचव्या दुपारी त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, हात कानाला लावले.

"मी म्हणत नाही हो वैजनाथ, लोकं म्हणून राह्यले... एकदा फट् करून दाखव."

"बॅटरी कोनाची घेऊ?"

जानरावांनी फळीवरची नावं सावकाश वाचली.

"शेषरावाची घे. तो आज लग्नाले गेला."