दत्तक घेतलेला रस्ता

मंदीच्या त्या वर्षी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. दुबई मरीनातल्या एका टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं आणि त्याचं ऑफिसच खलास झालं. शारजात रोल्लाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो दिवसभर बसून असायचा. लिफ्टमध्ये कुणी विचारेल म्हणून खालीसुद्धा उतरत नसे. बिल्डिंगमध्ये आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी आमची नऊ वर्षांची मुलगी टीव्हीवर अमेरिकन कॉमेडी बघत होती. त्यात एक माणूस हायवेचा तुकडा दत्तक घेतो, स्वतःच्या नावाची पाटी लावतो आणि कचरा टाकणाऱ्या गाड्यांमागे धावत सुटतो. नवरा पोट धरून हसला. कितीतरी दिवसांनी. मुलीने ती संधी साधली. "बाबा, लेट्स अडॉप्ट अवर रोड!"

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आम्ही तिघं हातमोजे आणि काळ्या पिशव्या घेऊन बिल्डिंगमागच्या रस्त्यावर उतरलो. अर्धा रस्ता झाला तेव्हा झाडूवाला आला. पन्नाशीचा, रत्नागिरीकडचा. आमचं मराठी ऐकून थबकला.

"वहिनी, रागावू नका," तो मला म्हणाला, "पण हे नका करू. सुपरवायझरने बघितलं तर म्हणेल, इथे माणूस हवाच कशाला? आमच्यातल्या दोघांना आधीच घरी पाठवलंय."

टीव्हीवरच्या माणसाला असं सांगायला कुणी आलं नव्हतं. नवऱ्याने हातमोजे काढले. "माझीही गेली नोकरी," तो म्हणाला. घराबाहेर हे त्याने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

झाडूवाल्याने झाडू भिंतीला टेकवला. "मग आधी चहा घेऊ, साहेब."

कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातून करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा आणून दोघं फुटपाथवर बसले. मुलगी हिरमुसली. "बट इट्स अवर रोड!"

"तो काकांचा आहे," बाबाने समजावलं.

त्यानंतर नवरा रोज खाली जाऊ लागला. विचारणाऱ्यांना खरं सांगू लागला. त्यांच्यातल्याच एकाने रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यातली जागा सुचवली. पगार कमी, घरी यायचं फक्त सुट्टीला. तरी त्याने ती घेतली. झाडूवाल्याचं कामही त्या वर्षी टिकलं.

नोकरी पक्की झाल्याचं कळलं तेव्हा नवरा आधी खाली जाऊन त्याला सांगून आला. पुण्याला सासूबाईंना फोन मग लागला.