टाचेवरची जाड दोरी

एक्स-रे नंबर टाकून कपाटात ठेवता येतात, किस्से कुठं ठेवायचे? कळमनुरीत हाडांच्या दवाखान्यात मी प्लॅस्टर लावायचो. तिथले किस्से एवढे साठलेत की एक सांगायला बसलं की चार मधेच घुसतात! आज फक्त सटवाजीमामांच्या टाचेचा सांगतो.

मामा मेंढरंवाले, गाव वारंगा फाट्याकडचं. दोन हजार सालच्या आसपास लंगडत आले. टाचेच्या वर, मागच्या शिरेला सुपारीएवढी गाठ! मेंढरांमागं चालणं होईना, म्हणून भाऊ कळप विकायच्या मागे लागलेला. मामांचा त्या कळपावर जीव.

डॉक्टरांनी गाठ दाबली. "दुखतं का?"

"दाबून राहिले तुमी, अन् मलाच इचारता!"

*

आमचे डॉक्टर समजावून सांगायला लागले की थांबायचे नाहीत. "मामा, पोटरीपासून टाचेपर्यंत ही एक दोरी असते..."

"ठावं हाय की! बोकड सोलताना ह्याच शिरेत आकडा घालून टांगतो आमी."

"बराबर!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अख्खा बोकड पेलते ती!"

शेजारच्या बाकावरच्या पेशंटनं दोन्ही पाय गुपचूप वर घेतले.

*

महिनाभर आराम सांगितला. फरक शून्य. मग नांदेडहून सोनोग्राफी करून आणली. शीर दुप्पट जाड झालेली!

गयामामी, म्हणजे मामांची बायको, खूश. "जाड झाली म्हंजी मजबूतच झाली न्हाई का?"

डॉक्टरांनी सुतळीचा तुकडा घेतला, पीळ उलगडला, धागे विस्कटले. "ही बघा, जाड झाली. पण जोर उरला का? आत असंच झालंय. नुसती सूज असती तर गोळीनं उतरली असती."

मामांनी तुकडा हातात घेतला. "नव्या दोरीचे पेड असेच इस्कटतात. वली करून दगड टांगतो आमी, सरळ व्हती. तुमी तिला निजवून काहून ठिवली?"

डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "अहो, डॉक्टरांच्या मासिकात हेच वाचलं मी! वजन द्यायचं, हळूहळू!"

*

व्यायाम असा: पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, टाच सावकाश खाली सोडायची. सकाळ-संध्याकाळ, तीन महिने. पायरी गावात एकच, मारुतीच्या देवळाची. आठ दिवसांत मामांच्या मागं पाच म्हाताऱ्याही टाचा खालीवर करायला लागल्या!

सरपंचांनी विचारलं, "कोणाचा नवस हाय?"

मामा म्हणाले, "डॉक्टरचा!"

*

दीड महिन्यानं गयामामी एकटीच आली, चिडलेली. "दुखलं तरी करा म्हनता! ह्यायचा भाऊ उद्या गिऱ्हाईक आणून राहिला. हे बोलत न्हाईत, नुसते मेंढरायकडं बघत बसतात."

मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांचाही चेहरा पडला. "मामी, तीन महिने होईस्तोवर कळप अडवून धरा," एवढंच म्हणाले.

मामीनं धरला. गिऱ्हाइकाला गोठ्याच्या दारातूनच वाटेला लावलं!

*

तीन महिने झाले. दोघं आले. डॉक्टरांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "मामा, रस्त्यानं सरळ चालत जा. दुखायला लागलं की तिथूनच माघारी फिरा आणि मला सांगा."

मामा गेले. चहा आला, चहा निवला. पेशंट संपले. मामी बाकावर बसूनच. मी स्टँडपर्यंत शोधून आलो, मामा नाहीत! शेवटी मामीला संध्याकाळच्या जीपमध्ये बसवून दिलं.

सकाळी तोच जीपवाला दवाखान्यात डोकावला. "मामानं निरोप देलाय. ते मेंढरं घेऊन माळावर गेलेत. म्हनले, डॉक्टरला सांग, अजून दुखलं न्हाई, म्हनून माघारी आलो न्हाई!"