करार मोठ्यानं वाचणारा

हिंगणघाटच्या तहसील कचेरीबाहेर बसणारा आमचा दस्तलेखक करारनामा लिहून झाला की नाटकातल्या राजासारखा मोठ्यानं वाचून दाखवतो. कोण विधवा, कोण घटस्फोटित, हे शेजारच्या टपरीवर चहा पिणाऱ्या आम्हा सगळ्यांना बसल्या जागी कळतं. मी तर जवळचाच बाक धरतो.

परवा एक बाई घरमालकाला घेऊन आली. तिला खोली भाड्यानं हवी होती.

"नवरा?" दस्तलेखकानं दमल्या आवाजात विचारलं.

"सोडून गेला. फारकत नाई झाली."

"मंग नवऱ्याची सही पायजे," घरमालक अडला. "उद्या तो येऊन भांडला तं?"

"भाऊ, तुमी खोली नवऱ्याले देऊन राह्यले का बाईले? राहनार बाई, सही बाईच करन," दस्तलेखक म्हणाला.

घरमालक कुरकुरत तयार झाला. करार लिहून झाला. आम्ही कान टवकारले. दस्तलेखकानं चष्मा पुसला आणि कागद बाईपुढं सरकवला.

"माय, तूच वाच. मनातल्या मनात."

तिनं सावकाश वाचलं, सही केली. घरमालकानंही केली.

ती गेल्यावर मी खोडसाळपणे विचारलं, "काऊन जी, आज आवाज बसला?"

"आवाज ठीक हाय," तो पुढचा कागद घेत म्हणाला. "तुमच्या कानांचा कंटाळा आला."