रिकाम्या गोदामाचा सीझन

अगं पोरी, ये, अशी जवळ सरक. टमाटे महाग झाले म्हणून भाजीवालीला दारात उभं करून एवढं बोलायचं असतं का? सगळं ऐकलं मी आतून. भाव काय तिच्या हातात हाय? बस, चहा ठेवलाय. तुला आमच्या कंपनीतला एक सीझन सांगते.

आमचे शेठ गोदामाच्या दारात उभे राहून ओरडत होते. "शांताबाई, बघा आत! पोरांना क्रिकेट खेळता येईल!"

मी काय बघणार? रोज तेच बघत होते. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची टमाट्याची प्युरी करायची कंपनी. आधी मी बेल्टवर टमाटे निवडायला होते. मग बघून बघून मशीन शिकले, सुपरवायझर झाले. शाळा म्हणशील तर चौथी. काम सोपं असतं. टमाटे धुवायचे, निवडायचे, पल्परमध्ये घालायचे. पल्पर म्हणजे साल-बी बाजूला काढून रस देणारं मशीन. रस आटवायचा, ड्रममध्ये भरायचा. ते ड्रम वर्षभर हॉटेलवाले, सॉसवाले नेतात. वर्ष संपताना गोदामात उरतो तो क्लोजिंग स्टॉक. पुढल्या वर्षी त्यालाच ओपनिंग स्टॉक म्हणतात. रात्री उरलेली भाकर सकाळची न्याहारी होते ना, तसंच.

त्याच्या मागल्या साली हा स्टॉक छताला लागला होता. टमाटा एवढा आला की ड्रम संपले. शेठनी नवे मागवले, तेबी संपले. मग एका सकाळी हुकूम सुटला, गेट बंद. बाहेर टेम्पोची रांग. सांगायला कोण? मी. "आत जागा नाय दादा, माघारी न्या." सांगता सांगता घसा बसला माझा. माघारी म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाय.

मग पावसानं सगळीकडं पीक नासवलं. देशभर टमाटा कडाडला, आमचे ड्रम भराभर उचलले गेले. शेठ लई खूश. दिवाळीनंतर गोदाम झाडून ठेवल्यासारखं. आणि आता नवा सीझन तोंडावर आला, तर टमाटाच नाय. बेल्टवरच्या बाया हर्सूलहून रिक्षा बदलत यायच्या, गेटवर विचारायच्या, "मावशी, लाईन कधी चालू?" सीझनच्या मजुरीवर त्यांचं अख्खं साल निघायचं. मी म्हणायची, "होईल गं." किती दिवस म्हणणार?

शेठ म्हणाले, "नाशिकला फोन केला, कर्नाटकात केला. सगळ्यांची गोदामं आपल्यासारखीच."

"मार्केटातला घेतला तर?"

"भाजीच्या भावानं प्युरी केली तर घेईल कोण? तुमच्या त्या सोयगावकडच्या बाया लई माल द्यायच्या ना?"

"द्यायच्या."

"मग जा की. युनूसला घ्या, मोठा टेम्पो घ्या. भरल्याशिवाय येऊ नका."

युनूसभाई आमचे जुने ड्रायव्हर. फर्दापूरचा घाट उतरून सोयगावकडं वळलो. मी दोन्ही बाजूंनी रानं बघत होते. मका, हरभरा, पुन्हा मका. टमाट्याचे बांबू-तार कुठं दिसंनात.

"बाई," ते म्हणाले, "भुट्टे भर के ले चलें क्या शेठ को?"

हसायला आलं.

गयाबाई रानात खुरपत होती. बारा-पंधरा सालं तिचा माल आमच्याकडं यायचा.

"गयाबाई, वळखलं का?"

"वळखलं की. गेटवरच्या बाई." खुरपं खाली ठेवलं नाय तिनं. "उभ्या का? आमच्या रानाला गेट नाय. बसा."

बसले. युनूसभाई टेम्पोचं टायर बघायला निघून गेले.

"टमाटे नाय लावले?"

"तुम्ही माघारी लावलेला टेम्पो बैलांपुढं टाकला. बैलांनी दोन दिवस खाल्ला, मग त्यांनीबी तोंड फिरवलं. म्हटलं, बैलाला कळतं ते आपल्याला कळू नये? मका लावला."

"गावात कुणीच नाय?"

"एका विहिरीचं पाणी, एकच अक्कल."

"पुढल्या साली तरी लावाल का?"

"गेट उघडं राहील का, ते सांगा आधी."

गेट माझ्या बापाचं नव्हतं. मग ती उठली, बांधावरच्या चार झाडांचे टमाटे तोडून टोपलं भरून आणलं. "घरच्यापुरते हायेत. तुम्हाला देते, कंपनीला नाय."

युनूसभाईंनी ते टोपलं मागं ठेवलं. घाटात वळणावळणाला ते या कडेचं त्या कडेला घसरायचं. शेवटी मी मांडीवर घेऊन बसले.

गेटवर शेठ होते, बेल्टवरच्या बायाबी थांबलेल्या. शेठनी मागं वाकून बघितलं. "शांताबाई, एवढा मोठा टेम्पो रिकामा?"

"भरलेला मागल्या साली आला होता, शेठ. आपण माघारी लावला."

बायांनीबी ते ऐकलं, आणि डबे उचलून चालू लागल्या.

त्या सीझनला लाईन चालू झालीच नाय. कुणी कांद्याच्या शेडवर गेली, कुणी धुण्याभांड्याला. काही पुन्हा आल्याच नाय. पुढल्या लागवडीआधी शेठ स्वतः सोयगावकडं जाऊन बोलून आले. गोदाम भरलं तरी प्रत्येकाचे थोडे कॅरेट घ्यायचेच, असं ठरलं. गयाबाईनं टमाटे लावले, पण निम्म्याच रानात. निम्म्यात मका. दोन-तीन सालं बरं चाललं. मग पुन्हा टमाट्याचा पूर आला, ठरलेलं राहिलं बाजूला, पुन्हा गेट बंद. तेव्हा मी म्हटलं, "शेठ, या वेळी तुम्ही सांगा." उभे राहिले बिचारे उन्हात. दुपारपर्यंत त्यांचाबी घसा बसला.

मला विचारशील तर एवढंच कळलं. टमाटा महाग झाला की लोक विचारतात, कुणी दडवला? दडवायला ते काय सोनं हाय? मागल्या साली कुणाला माघारी लावलं, ते विचारावं.

घे, चहा निवतोय. उद्या निघताना त्या भाजीवालीशी दोन शब्द गोड बोल. आणि आता सालभर तोंड दाखवणार नाय असं करू नको, आमचं पडेगाव तुला काय लांब नाय. लवकर ये. टमाटे महाग असले तर भाकरीवर ठेचा खाऊ.