दुर्दाने आजीची लोकर

पामुक्कालेच्या पांढऱ्या डोंगराखाली दुर्दाने आजीचं घर होतं, आणि डोंगरावरच्या राखणदारांशी तिचं हाडवैर होतं. पन्नास वर्षांत किती राखणदार आले नि किती गेले, आजी आपली तिथंच. डोंगर बापानं नावावर करून दिल्यासारखी ती वर वावरायची. कुणी हटकलं की म्हणायची, "बाळा, तुझ्या गळ्यात शिट्टी यायच्या आधीपासून मी इथं पाय धुतेय!"

एक मात्र मानायला हवं, त्या पाण्याचा स्वभाव तिच्याइतका कुणालाच कळला नाही. वरच्या झऱ्यातून ऊन ऊन पाणी निघतं, एकाखाली एक मांडलेल्या पांढऱ्या कुंडांतून सांडत खाली येतं आणि जिथं रेंगाळेल तिथं चुन्याची साय धरतं. ओली असते तोवर ती साय दह्यासारखी मऊ, उन्हात वाळली की दगड. कुंडांचे काठ कसे, तर एखाद्या हौशी बाईनं बोटांनी चिमटे काढून करंज्यांना मुरड घालावी तसे. मावळतीला तर सगळा डोंगर गुलाबी होतो, आणि आजीसारखी तोंडाळ बाईसुद्धा तेवढा वेळ राखणदारांशी भांडायचं विसरते. तरुणपणी तिनं नवऱ्याची, हिदायेतची, टोपी आठवडाभर पाटाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. काढली तर टणक दगड. ती त्याच्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "आता कशी शोभते! आत नि बाहेर एकच माल." तो बिचारा तीन दिवस रुसला आणि चौथ्या दिवशी तीच टोपी गावभर दाखवत फिरला.

अशा बाईच्या नातीनं, फिदाननं, लग्न ठरवावं कुणाशी? तर राखणदार याकूपशी! नियमाचा असा पक्का, की बूट घालून कुंडात उतरला म्हणून सख्ख्या मामाला त्यानं चारचौघांत शिट्टी मारून बाहेर काढलं होतं. त्याला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. फिदान म्हणजे घरभर खिदळत फिरणारी पोर.

"त्या ओंडक्याबरोबर जन्म काढणार ही? सुकून जाईल गं माझी पोर," ती शेजारच्या सातियेला म्हणाली आणि खरोखरच रडली.

पोर काही ऐकेना. तेव्हा आजीनं आळीतल्या बायकांच्या घोळक्यात ठणकावून सांगितलं, "आमच्यात नवरीची रजई पांढऱ्या पाण्यात धुतलेल्या लोकरीचीच होते. माझी झाली, माझ्या लेकीची झाली. तशी लोकर नसेल तर रजई नाही, आणि रजई नाही तर लग्न नाही!"

बोलून बसली आणि मग जीभ चावली. डोंगरावर लोकर धुवायची बंदी होऊन वर्षं लोटली होती, आणि बंदी राखणारा खुद्द नवरदेव! लोकर धुतली नाही तर लग्न मोडल्याचं खापर तिच्या माथी, आणि शब्द मागं घ्यावा तर आळीत तोंड दाखवायची सोय नाही. इकडं आड, तिकडं विहीर.

पण हार मानेल ती दुर्दाने कसली! दुखऱ्या गुडघ्यांच्या म्हाताऱ्यांना बसायला एक कुंड मोकळं होतं. आजीनं अंगरख्यात लोकर कोंबली, सलवारीत कोंबली आणि डुलत डुलत वर जाऊन पाण्यात बैठक मारली. लोकर भिजायला लागली तशी आजी चहूबाजूंनी फुगायला लागली. याकूप येऊन काठावर उभा राहिला.

"आजी, लोक इथं सूज उतरवायला येतात. तुमची चढतेय."

"वात आहे रे बाबा, वात."

"वाताला मेंढीचा वास येतो?" त्यानं विचारलं. चेहरा कोरा.

आजी उठली आणि ठिबकत, धापा टाकत घरी आली. लोकर धड भिजलीसुद्धा नव्हती.

मग तिनं दुसरी शक्कल काढली. कण्हेरीच्या झुडपांमागं एक जुना पाट वाहत होता. भल्या सकाळी तिनं लोकरीचं पोतं त्यात सोडलं. दोन तासांत काढायचं, एवढाच बेत. दोन तासांनी पाहते तर याकूप तिथंच स्टूल टाकून पाटाचं दार दुरुस्त करत बसलेला! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच; रात्रीसुद्धा कंदील लावून तिथंच. एका फळीला चार दिवस लावणारा माणूस आजीनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती लांबून त्याला तोंडाला येतील त्या शिव्या घालत होती, आणि तिकडं पाणी आपलं काम करत होतं.

पाचव्या दिवशी स्टूल हललं. आजी धावली. पोत्यावर बोटं वाजवून पाहिली. ठक, ठक. पांढरं, गुळगुळीत, दगडासारखं. ती मटकन पाटाच्या कडेला बसली आणि हमसून हमसून रडली. समोर सगळी कुंडं निळ्या पाण्यानं भरून लखलखत होती. त्या पाण्याचा तिला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

घरी येऊन तिनं कुणाला काही सांगितलं नाही. फिदाननं विचारलं तर म्हणाली, "वाळतेय." रजई शिवायच्या दिवशी सगळ्या बायका सुया, अंगुस्ताने घेऊन हजर झाल्या. अंगणात पांढरा अभ्रा पसरला. आजीनं सगळ्यांना चहा दिला, परत दिला, तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, पोटात समुद्र झाला आमच्या! लोकर आण आता," सातिये म्हणाली.

आजी उभी राहिली. "बायांनो, लोकर..." एवढंच बोलली, तोच खांद्यावर गाठोडं घेऊन याकूप फाटकातून आत आला. त्यानं ते अभ्र्यावर उलटं केलं. धुतलेली, पिंजलेली, हलकी फूल लोकर. आणि रंग? विटकरी!

"ही कुणाची?" आजीनं विचारलं.

"तुमचीच. काराहायितच्या झऱ्यात धुतली. तिथं बंदी नाही."

बायकांत कुजबुज उठली. काराहायित म्हणजे शेजारचं गाव. त्यांच्या झऱ्याचं पाणी गंजासारखं लाल. आपल्या पांढऱ्या पाण्याच्या तोऱ्यात इथल्या बायका तिकडून साधी फणीसुद्धा आणत नसत.

"मग पाटात दगड झालंय ते काय?" आजी ओरडली.

"पेंढा."

"पेंढा?"

"पहिल्याच दिवशी लोकर काढून घेतली नि पोत्यात भरला. तुम्ही मधेच काढायला येऊ नये म्हणून मग स्टूल टाकून बसलो. दगड व्हायला वेळ लागतो." पाटी वाचून दाखवावी तसा तो बोलला, पण मिशी थरथरत होती. दाराआड फिदान तोंडात ओढणी कोंबून उभी होती. ती आता फिसकन हसली आणि मग तिला आवरेना.

आजी याकूपकडे वळली. "मेल्या! मी पेंढ्यासाठी रडले रे!" ती म्हणाली आणि कपाळावर हात मारून अशी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता तिथंच लोकरीवर बसली.

"पण तुझा शब्द गं? पांढऱ्याच पाण्याची लोकर म्हणाली होतीस," सातियेनं टोचलंच.

"शब्द माझा, मोडणारी मी. तुझं काय जातंय? अगं, या घुम्याजवळ पोर हसेल की नाही, या भीतीनं जीव अर्धा झाला होता माझा. आता ऐकतेयस ना तिला? चल, सुई ओव."

"एक राहिलं," याकूप म्हणाला. "पोतं पाटात तुम्हीच टाकलंत. खरवडून पाट साफ करायचाय. उद्या सकाळी आठ वाजता."

पन्नास वर्षांत एकाही राखणदाराचं न ऐकलेली दुर्दाने आजी दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच पाटावर पोचली. बरोबर दोघांना पुरेल इतकी भाकरी आणि ऑलिव्ह घेऊन.