मापाची गोळी

फार्मसी कॉलेजातल्या त्या मॅडम नमस्कार करत नाहीत. आधी तुमचं लेकरू उचलतात आणि शिंप्यानं माप सांगावं तसं वजन सांगतात.

मी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पत्रकं वाटतो. ‘मोठ्यांची गोळी लेकरांच्या माथी काहून?’ हा मथळा माझाच. मोहाडीची एक आई मुलीसाठी गोळी अडकित्त्यानं तोडायची. एक तुकडा मोठा, दुसऱ्याचा भुगा. कंपन्यांना लेकरं दिसतच नाहीत, असं मी ओरडलो. मॅडम म्हणाल्या, ‘‘भाषण पुरे. पोरगी आण.’’

त्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर होता, त्यावर गोळ्या बनवायची परवानगी नव्हती. वरिष्ठांच्या दारात बसून बसून त्यांनी ती मिळवली. परवा त्या यंत्रानं औषधाचे थर एकावर एक रचले आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या मापाची इवलीशी गोळी तयार झाली.

आईनं सवयीनं अडकित्ता काढला.

‘‘काहून तोडता वो बाई? हे तुमच्या पोरीच्याच मापाची हाय!’’ मॅडम म्हणाल्या.

पोरीनं गोळी अख्खी गिळली. मॅडमनी अडकित्ता दोनदा वाजवून पाहिला.

‘‘सुपारी हाय काय? काढा. आता याले तेवढंच काम.’’

‘येथे खाण्यास मनाई’ या पाटीखाली मॅडम, आई आणि मी, आम्ही तिघांनी सुपारी खाल्ली.